दहापैकी सात

पैकीच्या पैकी गुण कुणालाच द्यायचे नाहीत, हा माझा नियम होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवतो आहे. एकही चूक नसलेल्या शुद्धलेखनाला मी वीसपैकी एकोणीस द्यायचो. एक गुण कापला म्हणजे पोरांच्या डोक्यात हवा जात नाही, असं पालकांना सांगायचो आणि पालक माना डोलवायचे. या नियमाचा मला भारी अभिमान होता. आता तो आठवला की तोंड कडू होतं.

तालुक्याच्या गावी, मूलला, मोटरसायकलची नवी शोरूम उघडली, त्याच्या आगेमागे माझी जुनी गाडी जंगलात दोनदा बंद पडली होती. मी मूलला राहतो, शाळा अठरा किलोमीटर आत आहे. बायको शाळेच्याच गावच्या उपकेंद्रात नर्स आहे, त्यामुळे जाणं-येणं एकाच गाडीवर. रस्ता वाघाच्या येण्याजाण्याचा. गाडी बंद पडली की खाली उतरून बघावं की वरच बसून राहावं, हे ठरवतानाच घाम फुटतो. तेव्हा नवी गाडी घ्यायची ठरली.

शोरूमची फरशी इतकी चकचकीत होती की खेड्यावरून आलेली माणसं चपला दाराबाहेर काढून आत शिरत होती. मीही काढल्या. गाडी ताब्यात देताना त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, हँडलला झेंडूचा हार घातला आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आम्हा दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. सगळ्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाबद्दल ते कळलं नाही, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सर्व्हिसिंगच्या टेबलावर माझीच एक विद्यार्थिनी बसली होती. मला बघताच उठून उभी राहिली. ब्रह्मपुरीला जाऊन बीए झालेली आमच्या शाळेच्या गावातली ती पहिली मुलगी. शुद्धलेखनात तिला मी चार वर्षं एकोणीस देत आलो होतो. तिची आई दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाते. त्या दिवसांत आईबापांसोबत पोरंही जातात आणि माझे अर्धे वर्ग रिकामे होतात, पण या मुलीला आईने कधी नेलं नाही, मावशीकडे ठेवून शिकवलं. आता ती शोरूमचा निळा शर्ट घालून, खिशाला पेन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी कार्डावर लिहीत होती. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, नंतर पक्की करणार होते. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिला आनंद लपवता येत नव्हता.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी सांगितलं की मागचा ब्रेक नीट धरत नाही. तिने लिहून घेतलं, कार्ड मागच्या वर्कशॉपमध्ये नेऊन दिलं. मला थंड खोलीत बसवून चहा दिला. दोन तासांनी गाडी आली ती आरशासारखी धुऊन. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागलाही. पण चार दिवसांनी शाळेकडून परत येताना, नाल्याच्या उतारावर रानडुकरांचा कळप आडवा आला आणि तेव्हा ब्रेक लागला नाही. पुढचा दाबला तशी गाडी गिट्टीवर घसरली आणि आम्ही दोघंही पडलो. डुकरं निघून गेली, बायकोचं कोपर सोलून निघालं.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला मी तणतणतच गेलो. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, नागपूरकडचा, बोलायला लोण्यासारखा. त्याने मला खुर्ची दिली, बायकोची विचारपूस केली, आपल्या आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, आणि पाच मिनिटांत माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. साहेबी बोलण्यापुढे मी असाच पडतो, जन्मभर पडत आलो आहे. मुलगी तेवढ्या वेळात खाली मान घालून कार्डावर काहीतरी लिहीत होती, बराच वेळ लिहीत होती.

गाडी परत देताना ती हळूच म्हणाली, “सर, कंपनीचा फोन येईन. दहापैकी दहा देजा. मले पक्कं करणं त्याच्यावरच हाये.”

मला ते लागलं. जिला मी शिकवलं, ती माझ्याकडे गुण मागत होती. “मार्क मागून मिळत नसतात,” मी म्हणालो, वर्गात म्हणतो तसा, तिथे बसलेल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“तसं नाई सर, इथी मार्काचं—”

मी हात वर केला. माझ्या वर्गात हात वर झाला की कुणी पुढे बोलत नाही, आणि ती माझ्याच वर्गातली. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी येताना उताराला ब्रेक पुन्हा तसाच. मी रस्ताभर बडबडत होतो की फोन येऊ दे, बघतोच एकेकाला. मुलीने काय मागितलं तेही मी बायकोला रागारागात सांगितलं. ती मागून म्हणाली, “भांडाचं असन तं त्या साहेबासंग भांडा. पोरीवर काऊन काढून राह्यले?” मी तिला म्हटलं, मी कुणावर काढत नाही, मी न्यायाने गुण देणार.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कंपनीचा फोन आला. कुठल्या तरी दूरच्या गावची बाई निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलत होती. शून्य ते दहामध्ये एकच आकडा सांगा म्हणाली. मी मनात हिशेब केला. ब्रेकचे तीन कापले, उरले सात. सात म्हणजे शेकडा सत्तर. आमच्याकडे पस्तिसाला पास, साठाला पहिला वर्ग. ब्रेक न लागणाऱ्या गाडीला पहिल्या वर्गाच्या वर बसवलं, यात मुलीची भीडही राखली आणि शोरूमला समजही दिली, असं मला वाटलं. सात म्हणालो. मग ब्रेकबद्दल सविस्तर बोललो. बाईने ऐकून घेतलं, माझा दिवस शुभ जावो म्हणाली. त्या दिवशी मी खूश होतो.

तिसऱ्या सर्व्हिसिंगला टेबलावर दुसराच माणूस होता. मुलीचं विचारलं तर तो केबिनकडे बघायला लागला. मॅनेजर हसतच आला. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याने दिलेला आकडा त्यावर लिहीत, रोज सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवत. “सर, तुम्ही सात दिले होते ना. आमच्याकडे आठापर्यंत सगळे नापासच धरतात. आणि नापास झाला तर टेबलावरचा माणूस जातो, कंपनीचा तसा नियमच आहे.”

मी विचारलं की ब्रेक तर वर्कशॉपने केला नाही, मग टेबलावरच्या मुलीचा काय दोष. तो म्हणाला, गिऱ्हाईक टेबलावरच्याच माणसाला ओळखतो ना सर. हे म्हणतानाही तो गोडच होता. मी पुन्हा खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या हातात पुन्हा चहा होता. मी तो प्यालोही, याची मला आजही लाज वाटते.

नव्या माणसाने माझी जुनी कार्डं काढली. दुसऱ्या कार्डावर तिचं अक्षर होतं, मी गिरवून घेतलेलं, सरळ ओळीतलं. ‘मागचा ब्रेक. सर दुसऱ्यांदा सांगत आहेत. मागे मॅडम बसतात, रस्ता जंगलाचा व उताराचा आहे. कृपया उतारावर चालवून पाहावे.’ खाली पट्टीने रेघ मारली होती. महत्त्वाच्या वाक्याखाली पट्टीने रेघ मारायची, हे चौथीत मीच शिकवतो. शेजारी वर्कशॉपवाल्याची बरोबरची खूण होती, आणि खाली त्याची सही. दहापैकी दहाचं काम त्या अख्ख्या दुकानात तिचं ते लिहिणं, तेवढं एकच होतं. गाडी त्यांच्याकडे न टाकता मी तशीच परत नेली. बसस्टँडजवळच्या मिस्त्रीने पाऊण तासात ब्रेक करून दिला.

फेब्रुवारीत एका सकाळी शाळेसमोर तेलंगणात जाणारा टेम्पो उभा होता. बाया बोचकी चढवत होत्या. तिच्या आईशेजारी ती उभी होती, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. मला बघून पुढे आली. मला पळून जावंसं वाटत होतं.

“सर, मांगचा ब्रेक करून देला का त्याईनं?”

“दिला,” मी म्हणालो.

“मंग बरं झालं. मॅडम मांगं बसते ना.” एवढं बोलून ती टेम्पोत चढली.

सात कुणी दिले, ते तिने पाटीवर वाचलं होतं. टेम्पो गेल्यावर मी वर्गात जाऊन हजेरी घेतली. निम्मी पोरं नव्हती.