झाकलेल्या विहिरीचं वाक्य
घाबरलेल्या पोरीचं इंग्रजी तपासत बसणारी एक शहाणी बाई मी पाहिली आहे, ती म्हणजे मीच. खडूचा वास आला की ती दुपार आठवते. नव्वदच्या दशकात बारामतीहून नवीकोरी बीएड मिरवत मी वरकुट्याच्या शाळेत आले आणि फर्मान काढलं, इंग्रजीच्या तासाला पोरांनी मराठी बोलायचं नाही. मी मात्र मराठीतच शिकवायची! त्या दुपारी बाहेर उसाचं पानही हलत नव्हतं. खिडकीबाहेरची जुनी विहीर दगडी फरशीनं झाकलेली होती. "द वेल इज कव्हर्ड," मी फळ्यावर लिहिलं. "कव्हर्ड क्रियापदासारखं दिसतं, पण इथं विशेषण; कुणी काही करत नाही, नुसती अवस्था." खिडकीजवळची मुलगी उठली. तिची शेळी रोज त्या विहिरीपाशी बांधलेली असे. "बाई, द वेल इज ओपन्ड." ती खिडकीबाहेर बोट दाखवत होती. फळ्याकडं तोंड ठेवूनच मी विचारलं, "ॲडजेक्टिव्ह का व्हर्ब?" "व्हर्ब, बाई." "शाब्बास! मग कुणी उघडली?" मी वळले. फरशी जागच्या जागी होती, शेळी नव्हती, आणि खुंट्याचं दावं ताणून फरशीखाली गेलेलं. उसातल्या गड्यांनी धावत येऊन पहारीनं फरशी उचलली, तर खाली पाणी अगदी निवांत. दाव्याच्या आतल्या टोकाला शेळी नाही. मुलगी माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, मी वाक्य बनवत न्हवते. तुमाला हाक मारत व्हते."