राहिलेलं पाचवं शील

आधीच सांगून टाकतो, मी देव मानत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून देव्हारा नाही. त्यामुळे माझ्यावर कृपा झाली असं लिहिताना हात अडखळतो. पण दुसरा शब्द सापडत नाही, आणि जे झालं ते लपवायचं नाही एवढं मी आता शिकलो आहे. लपवण्यातच माझी वीस वर्षं गेली.

आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. वंदना पाठ असलेला, समाजानं मानलेला एखादा गृहस्थ पांढरे कपडे घालून उभा राहतो आणि वधूवरांना त्रिशरण-पंचशील देतो. तो एकेक ओळ म्हणतो, ती दोघं त्याच्यामागून म्हणतात. त्याला बौद्धाचार्य म्हणतात. मी आठवडाभर नागपुरात एका कचेरीत कारकून आणि लग्नसराईत बौद्धाचार्य. आवाज खणखणीत, त्यामुळे बोलावणी पुष्कळ. पाच शीलांतलं शेवटचं मद्यापासून दूर राहण्याचं. ते मी किती जोडप्यांना दिलं आणि त्यांतल्या किती वेळा माझ्याच पोटात दारू होती, ते न विचारलेलं बरं. वास झाकायला तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. आचार्यांना खर्ऱ्याचा फार नाद, असं लोक म्हणायचे आणि मी हसायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणतात. मी तर कोरडाही नव्हतो.

घरी बायकोनं भांडणं सोडून दिलं होतं. आधी ती बाटल्या मोरीत ओतायची, रडायची, चार दिवस माहेरी जाऊन बसायची. मग ते सगळं थांबलं. ताट वाढायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. मला वाटलं, चला, समजूतदार झाली. आशा संपलेलं माणूस भांडत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

उमरेडला एक लग्न होतं. हात थरथरू नयेत म्हणून सकाळी निघतानाच थोडी घेतली होती. मांडवात चार शीलं नीट झाली. पाचव्यासाठी तोंड उघडलं आणि समोरच्या नवरीकडे नजर गेली. पांढऱ्या साडीतली पोर हात जोडून, डोळे मिटून माझ्या शब्दाची वाट पाहत होती. ते शील मी म्हटलंच नाही. मी सरळ पुढे गेलो, हार घालायला सांगितले. फुलं पडली, टाळ्या झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही असं समजून मी जेवायला बसलो, तर नवरीची आजी हळूहळू चालत माझ्याजवळ आली.

"चारच देले बापू तुमी. पाचवं राह्यलं."

मी म्हटलं, आजी, तेवढ्यात माइक बंद पडला होता. माइक चांगला चालू होता, सगळ्या मांडवानं ऐकला होता. वाढणाऱ्याला हाक मारून आजीनं माझ्या पानात आणखी भाजी वाढायला लावली आणि निघून गेली. तिनं चारचौघांत पाणउतारा केला असता तर मी रागावलो असतो आणि सुटलो असतो. ती भाजी तशीच पानात टाकून मी उठलो.

मंडळी गाडीनं सोडतो म्हणत होती. मी नको म्हटलं, कारण मला स्टँडजवळच्या दारूच्या दुकानात जायचं होतं. दुकान उघडं होतं, खिशात पैसे होते. पण नागपूरची एसटी समोर उभी होती आणि मी तिच्यात चढलो. का चढलो ते मला आजही सांगता येत नाही.

शेजारी साठीचा एक माणूस बसला होता, कपाळाला अष्टगंध. लकडगंजमध्ये लाकूड कापायच्या आरा मशीनवर काम करतो म्हणाला. दारू सोडायची म्हणून उमरेडच्या कुणीतरी त्याला फोन करून बोलावलं होतं; तो पोहोचला तर तो माणूस घरातून पळालेला. फेरी फुकट गेली, असं हसत म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही. नागपूर येईपर्यंत स्वतःचंच सांगत राहिला. पिऊन मशीनवर उभा राहिला त्या दिवशी त्याची दोन बोटं गेली, आणि दवाखान्यातून सुटल्यावर तो घरी जायच्या आधी गुत्त्यावर गेला. हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. उतरताना त्यानं एका शाळेचा पत्ता दिला.

"उद्या सहा वाजता ये. न पिता आला तं बरं. पिऊन आला तरी ये."

ते प्रभाकरभाऊ. आडनाव मला आजही माहीत नाही, कारण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या त्या मीटिंगमध्ये आडनाव विचारत नाहीत. आमच्याकडे आडनाव कळलं की माणसाचं सगळं कळलं असं धरून चालतात. तिथं मी फक्त नाव सांगितलं, मी दारुडा आहे म्हटलं, आणि कुणीतरी चहाचा कप हातात दिला. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले आम्ही दहा-बाराजण, समोर भिंतीवर दारूतून सुटायच्या बारा पायऱ्या लिहिलेल्या. पहिली मला पटली. दारूपुढे माझं काही चालत नव्हतंच. पण पुढे देवाच्या हाती स्वतःला सोपवायचं आलं आणि माझ्यातला आचार्य जागा झाला. दोन महिने मी भांडलो. आमच्यात देव नाही, आमच्यात माणूस स्वतःच्या बळावर उभा राहतो, असं ऐकवलं. या दोन महिन्यांत तीनदा प्यायलो तेही स्वतःच्याच बळावर. तिसऱ्या वेळेनंतर तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा प्रभाकरभाऊ जवळ येऊन बसले.

"तुले देव नाही पायजे तं नको घेऊ गा. पण तू सोताले देव समजून राहिला, तेवढं सोड."

मी बाकावर डोकं टेकवून रडलो. लहानपणापासून रोज त्रिशरणात मी शरण जातो असं म्हणत आलो होतो. खणखणीत आवाजात, इतरांना शिकवण्यासाठी. गेलो मात्र कधीच नव्हतो. त्या संध्याकाळी एवढंच म्हणालो की मला जमत नाही, तुम्ही सांगाल ते करतो. तेव्हापासून आजचा एक दिवस, फक्त आजचा, असं करत दीड वर्ष झालं. लग्नं लावणं मी त्याच आठवड्यात बंद केलं.

नववी पायरी कठीण. ज्यांचं वाईट केलं त्यांच्यासमोर जाऊन ते कबूल करायचं. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती शांतपणे ऐकून "पाहू" एवढंच म्हणाली. पण उमरेडला निघालो त्या सकाळी चप्पल घालून तीही दारात उभी राहिली.

आजी अंगणात बसली होती. नात बाळंतपणाला आलेली, नातजावईही तिथंच. मी सांगितलं, आजी, माइक चालू होता, मी प्यायलो होतो. जावयानं मान खाली घातली. आजी म्हणाली, "मले ठाऊक होतं बापू. आता द्या पोरायले."

शब्द जिभेवर होते. पण मी म्हटलं, मी देणार नाही, तुम्ही द्या, मीही यांच्याबरोबर घेतो. आजीनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून ती भिंतीला धरून उठली. नात, जावई आणि मी एका ओळीत उभे राहिलो. आजीचा आवाज फाटका, दम लागलेला; एकेक शब्द थांबून थांबून येत होता. आम्ही तिच्यामागून म्हणू लागलो. दुसऱ्या शब्दाला आमच्यात आणखी एक आवाज मिसळला. माझी बायको माझ्या बाजूला येऊन उभी होती.

हे कुणी घडवलं, मला माहीत नाही. एक माणूस घरातून पळाला म्हणून मी सापडलो, एवढं मात्र खरं, आणि त्या माणसाचंही मी रोज मंगल चिंततो. सगळं आयुष्य मी देणाऱ्याच्या जागी ताठ उभा राहिलो. त्या अंगणात घेणाऱ्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो, तर माझ्यासाठी ती दोघं सरकली आणि मला जागा झाली.