वेणूचं नाक

रिद्धीने उल्हासनगरातल्या बर्फाच्या बारची तिकिटं काढली आणि बेलवलीच्या घरात तिची सासू वेणू हातातलं काम टाकून उभी राहिली. भिंती बर्फाच्या, बाकडी बर्फाची, पेलेसुद्धा बर्फाचे, असं सून हौसेने सांगत होती. वेणूच्या कानात मात्र 'बार' एवढाच शब्द शिरला होता.

तिच्या नवऱ्याने, हरिचंद्रने दारू सोडली त्याला वर्ष होत आलं होतं. नव्या सुनेला त्यातलं काही ठाऊक नव्हतं; लग्न जमताना सगळ्यांनी मिळून झाकलं होतं. आता नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. धर्मेशने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तिकरं सरबत पन मिलतं. तू गप ऱ्हा," एवढं बोलून तो सटकला. पोरगा बापासारखा पीत नसला तरी भित्रा होता, हे वेणूला मान्यच होतं.

बारमध्ये शिरताना सगळ्यांना जाडजूड कोट आणि हातमोजे चढवले. हरिचंद्र अस्वलासारखा दिसत होता आणि खुशीत हसत होता. एरवी वेणूही हसली असती. तिकिटावर प्रत्येकाला एक पेला होता. काउंटरवरच्या माणसाने चौघांपुढे पिवळे पेले ठेवले.

"सबका जूस है ना?" वेणूने विचारलं. गाण्याच्या दणदणाटात त्याने नुसती मान हलवली; हो की नाही, देव जाणे. आपला पेला तिने लांब सरकवला.

हरिचंद्रने त्याचा उचलला. वेणूने वाकून वास घेतला. नवरा पिऊन आलाय हे तो फाटकात असतानाच तिला कळायचं, इतकं तिचं नाक तिखट. पण गारठ्याने ते पार बधिर झालं होतं. काही केल्या कळेना. पेला त्याच्या ओठांशी पोचला, तसा तिने तो हिसकावला आणि डोळे मिटून घटाघटा रिकामा केला. घशातून जाळ उतरला.

"आई, एकदम भारी!" रिद्धी टाळ्या वाजवत ओरडली.

बाहेर उन्हात आल्यावर वेणूला हायसं वाटलं. वाचवलं आपण माणसाला! मुलं पुढच्या रिक्षात बसली, ही दोघं मागच्या. ती त्याला टेकून बसली. त्याने अंग चोरलं, मग आणखी सरकला, शेवटी पार कडेला जाऊन बसला.

"काय झालं ओ?"

तो रस्त्याकडे बघत होता. हात मांड्यांत दाबून धरले होते.

"वेणू, तोंड तिकरं कर गो. वास येतंय. मना ऱ्हावत नाय."

वेणूने पदर तोंडावर दाबला. अजून वाटेतलं अंबरनाथसुद्धा आलं नव्हतं.