घुमटाची चिमूट

बीबी का मकबऱ्यासमोर एका बाईंनी माझ्या हातात मोबाईल ठेवला. "भाऊ, ह्यांचा एक तरी हसरा फोटो काढा हो. लग्नातसुद्धा हसले नाहीत."

'हे' आधीच श्वास रोखून, हात मांड्यांना चिकटवून उभे. मागे चार मिनार, पुढे हा पाचवा! दगडाने ताठ उभं राहावं, ते त्याचं कामच आहे; पण त्याच्याशेजारी फोटोला उभं राहिलं की माणसालाही दगड व्हावंसं का वाटतं, कोण जाणे.

मी हुकूम सोडला, "काका, घुमटाचं टोक चिमटीत धरा!" इथे सगळेच तसा फोटो काढतात. काकांची चिमूट मात्र कधी मिनारावर, कधी आभाळात.

"अहो, वर धरा! आमटीत मीठ टाकताय का?" बाई ओरडल्या.

"घरी आमटीला हात तरी लावू देतेस का?" म्हणत काका असे खदखदून हसले की सगळं अंग हललं. तेवढ्यात मी बटण दाबलं आणि गड जिंकल्यासारखा मोबाईल उंच धरला.

फोटोत घुमट अर्धा कापला होता, दोन मिनार गायब होते. बाई मात्र तो डोळ्यांजवळ नेऊन बघतच राहिल्या.

"मकबरा जाऊ दे हो," त्या म्हणाल्या, "हे आले ना!"