गोधडीला दादाचा शर्ट

उरणच्या आमच्या आळीत गोधड्या शिवणाऱ्या एक मावशी आहेत. कुणीही भेटलं की त्या आधी त्याची बाही उलटून शिवण बघतात. पटली तर "व्हय" म्हणतात, नाही तर नाक मुरडतात.

दादाला ज्याचं हृदय बसवलं, त्याचं नाव इस्पितळानं सांगितलं नाही. पण अवयव देणाऱ्यांच्या आठवणीची गोधडी मावशी शिवताहेत, त्यात प्रत्येकाच्या नावानं एक ठिगळ लागणार, हे कळताच मी दादाला स्कूटरवर बसवून सुसाट निघाले. सोबत कोरं रेशमी कापड घेतलं.

मावशींनी ते परत दिलं. "कोनी अंगात घातलेलं न्हाय, ते गोधडीत कसं लावू?"

"त्या माणसाचे कपडे मी कुठून आणू, मावशी?"

त्यांनी दादाकडे बोट केलं. "याचा शर्ट दे. आत त्याचंच काळीज धडधडतंय ना? मंग शर्ट त्याचाबी हाय."

दादानं तिथंच ओट्यावर शर्ट काढला. मी तो आनंदानं मावशींपुढं धरला. मावशी मात्र शर्ट सोडून दादाच्या छातीवरचा टाक्यांचा व्रण न्याहाळत राहिल्या. मग त्यावरून अलगद बोट फिरवून म्हणाल्या, "व्हय."