चौथ्या मजल्याची खिडकी

आमच्या इमारतीची लिफ्ट आता चालू आहे. बटण दाबलं की निमूटपणे येते. मी एकटी अजूनही जिन्यानं चढते. शेजारी म्हणतात, व्यायाम चांगला आहे. व्यायाम कसला डोंबलाचा! राग आहे तो, आणि तो मला सोडायचा नाहीये.

मी इस्पितळात टेलिफोनवर बसते. दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलायचं, त्यामुळे घरी येईपर्यंत सगळा गोडवा संपलेला असतो. माझा मोठा भाऊ अगदी उलटा. मी त्याला दादा म्हणते, आणि गल्लीत त्याचं सलून असल्यामुळे अख्खी गल्लीही दादाच म्हणते. लोकांच्या मानेशी वस्तरा घेऊन जन्म गेला, पण त्याच्या तोंडून कुणाला वाकडा शब्द गेला नाही. याचा मला अभिमान वाटतो आणि संतापही येतो.

एका गिऱ्हाइकानं मोडका ड्रोन दुकानात टाकून दिला, तेव्हापासून दादाला ते वेड लागलं. लहानपणी तो घड्याळं उघडायचा, ती परत कधी बंद झाली नाहीत, म्हणून आम्ही काही आशा धरली नव्हती. स्वयंपाकघराच्या टेबलावर मोटारी, वायरी आणि सोल्डरिंगचा धूर. त्यानं बांधलेला पहिला ड्रोन उडालाच नाही. जागच्या जागी कोलांटी मारून माझ्या भाजीच्या पातेल्यात पडला. चार पात्यांपैकी दोन एका दिशेनं फिरायला हवीत आणि दोन उलट. यानं चारही एकसारखी बसवलेली.

"गिऱ्हाईक कुठलंही येवो, तू एकच कट मारतोस, तसंच केलंस," मी म्हणाले. तो हसला आणि स्क्रू काढायला बसला.

हे सगळं हौस म्हणून चाललं होतं. मग आई पडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बसलं व्यवस्थित, पण चार मजले उतरणं तिच्या पायांना जमेना. त्याच सुमारास लिफ्ट बंद पडली. दारावर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद लागला. कागद पिवळा पडला, त्याचे कोपरे सुटले, पण दुरुस्तीवाला काही आला नाही. मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दाराशी इतके खेटे घातले की त्यांच्या कुत्र्यानं माझ्यावर भुंकणं सोडून दिलं. सेक्रेटरी राहतात तळमजल्यावर, लिफ्टच्या बरोबर समोर. लिफ्ट बंद पडल्यामुळे त्यांच्या घरच्यांना चपला काढायला एक बरी जागा झाली होती. रोज त्या चपला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आई कोण, तर कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं दुकानाचा पडदा बदलला तर शिंपिणीच्या नवऱ्याआधी जिला कळायचं, ती बाई. तिच्या वाट्याला आता एक पलंग, गोळ्यांचा डबा आणि छत आलं.

दादानं तिच्यासाठी वेगळा ड्रोन बांधला. ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतं ते दाखवणारा, डोळ्यांवर बांधायचा जाड चष्मा आईला लावला आणि स्वतः हातातल्या छोट्या पडद्यावर बघत गॅलरीतून यंत्र सोडलं. "अगं बाई, पडले!" म्हणून आईनं पलंगाची कड धरली. मग त्यानं वेग इतका कमी केला की एक कबुतर त्याच्या पुढे निघून गेलं. दुसऱ्या दिवशी आईला चक्कर आली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती हुकूम सोडायला लागली.

"डावीकडे घे रे. अजून. थांब थांब! बघ, शिंपिणीनं काउंटर पुढे आणलंय. फूटपाथ काय हिच्या बापाचा?"

बॅटरी जेमतेम टिकायची, म्हणून आज बाजार की तळं हे ती सकाळीच ठरवून ठेवायची. चष्मा काढला की डोळ्यांभोवती लाल वळ असायचे आणि चेहरा बाहेरून फिरून आल्यासारखा. खाली भाजीवाली वर बघून हात करायची. आईही पलंगावरून हात करायची. भाजीवालीला ते दिसत नाही, हे तिला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

दादाचा एक नियम होता. खिडक्यांसमोरून जाताना तो कॅमेऱ्याची मान वर करायचा. इमारती मागे पडेपर्यंत नुसतं आभाळ.

"परत आभाळ!" आई वैतागायची. "जरा समोरच्यांच्या घरात बघू दे ना. मी कुणाला सांगणार आहे?"

"तू सगळ्यांना सांगशील," दादा म्हणायचा. "लोकांच्या खिडक्या लोकांच्या असतात, आई."

एवढं सांभाळूनही तक्रार झाली. कुणी केली ते कळलं नाही. घराघरांत डोकावतात, बायकांनी कपडे कसे बदलायचे, वगैरे. सेक्रेटरींनी नोटीस काढली: ड्रोन उडवण्यास सक्त मनाई, रविवारी सभेत ठराव होईल. आणि ती चिकटवली कुठे? लिफ्टच्या दारावर! त्या पिवळ्या कागदाच्या शेजारी. लिफ्टला माणूस मिळत नव्हता, नोटिशीला डिंक मात्र लगेच मिळाला.

त्याच दिवशी हे गृहस्थ दादाकडे दाढीला गेले. गळ्याला फेस लावून खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. नियम म्हणजे नियम." दादानं दाढी पूर्ण केली, मानेवर पावडर टाकली आणि टॉवेल झटकला.

"गळा तुझ्या हातात होता!" मी घरी किंचाळले.

"अगं, दाढी करायला आला होता तो," दादा म्हणाला.

आईनं मात्र चष्मा त्याच्या डब्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. शिंपिणीचं काय चाललंय, हेसुद्धा विचारेना. आई चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचं ते गप्प राहणं मला सहन होत नव्हतं, आणि मी भांडी आपटण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

रविवारी सकाळी ती आपण होऊन उठून बसली. "माझे केस नीट कर," दादाला म्हणाली, "आणि मला खाली न्या. सभा आहे ना?"

स्वयंपाकघरातली खुर्ची काढली. मागून दादा, पुढून वॉचमन, त्याच्या खांद्यावर माझी पर्स आणि ड्रोनची पिशवी. ड्रोन दिसला तर जप्त करायचा हुकूम याच वॉचमनला होता. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती आणि आई डोळे गच्च मिटून "सांभाळा रे, सांभाळा" म्हणत होती. तिला अशी उतरताना बघून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"अरे वा, काकू!" लिफ्टसमोर भरलेल्या सभेतून सेक्रेटरी म्हणाले. "कशाला त्रास घेतलात?"

"मी कुठे घेतला? या दोघांनी घेतला," आई म्हणाली. "तुमचा ठराव करून टाका. नाही उडवायचं तर नाही."

ठराव झाला. खुर्च्या आवरल्या गेल्या. दादा आईची खुर्ची उचलायला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

"मी इथेच बसते. लिफ्ट चालू झाली की वर येईन."

लोक हसले. थोड्या वेळानं हसायचे थांबले, कारण ती खरंच बसून राहिली. अगदी सेक्रेटरींच्या दारासमोर, त्यांच्या चपलांच्या शेजारी. दुपारचं जेवण मी तिथेच ताटात आणलं. येणारेजाणारे मान खाली घालून जिना चढत होते.

"हा काय प्रकार लावलाय?" सेक्रेटरी शेवटी बाहेर आले. "म्हातारीला पुढे करून अडवणूक करताय तुम्ही!"

"तिला पुढे करायला ती खाली यायला हवी ना!" मी ओरडले. "इतके महिने कुठे होती ती, विचारलंत कधी?"

आईनं हातानंच मला गप्प केलं. मग दादाकडे वळून म्हणाली, "ते यंत्र आणलंयस ना? उडव."

"आई, आत्ताच मनाई झालीय."

"मग काय करतील? घराबाहेर काढतील? बसलेच आहे मी बाहेर."

दादानं अंगणात ड्रोन ठेवला. आईनं चष्मा बांधला. यंत्र घरघरत वर गेलं आणि चौथ्या मजल्यापाशी थांबलं. सवयीनं दादानं कॅमेऱ्याची मान वर केली.

"आभाळ नको," आई म्हणाली. "आपली खिडकी दाखव."

दादानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच कॅमेऱ्याची मान खाली केली. चष्मा दोन्ही हातांनी सावरत आई पुढे वाकली.

"एवढीशी खोली आहे ती?" तिनं विचारलं.

तिनं चष्मा काढून सेक्रेटरींपुढे धरला.

"घ्या, बघा. माझी खिडकी आहे, माझी परवानगी आहे."

आजूबाजूला माणसं होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला, मान इकडे केली, तिकडे केली.

"काय बघायचं, काकू? मला तर नुसता पलंग दिसतोय."

"हो," आई म्हणाली. "तेवढंच आहे."