पिशवीवर फोडलेलं खापर

घराबाहेर हे मी कधीच कुणाजवळ काढलेलं नाही. घरातसुद्धा ते तोंडातून बाहेर पडायला वर्षं गेली. आज बोलायला बसलोय तर सगळंच सांगणार आहे — मधेच उठून जाणार नाही, आणि तुम्हीही कृपा करून मला सावरून घेऊ नका.

माझं हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात खता-औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकाची. दिवसभर गिऱ्हाईक एकच विचारतं — भाऊ, पंपाला किती टाकू? मी सांगतो, टोपणभर. त्यावर ते हमखास म्हणतं, दीड टाकलं तर? मग माझं डोकं फिरतं. जास्त टाकल्यानं अळी जास्त मरत नाही, पीक करपतं, हे मी रोज कुणाला तरी सुनावतो. करपलेल्या सोयाबीनचा झुबका घेऊन आलेल्या माणसाला मी चार लोकांसमोर झापलेलंही आहे. प्रमाण हा माझा विषय, आणि गावात त्याबद्दल मला मानही आहे.

हे कशाला सांगतोय? कारण स्वतःच्या गोळीची वेळ आली तेव्हा मी त्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा अडाणी निघालो. पण ती हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट आहे. खरी गोष्ट तिच्या मागे आहे, आणि तिकडे वळताना अजून माझी जीभ अडखळते.

चाळिशी उलटली आणि मला शुगर निघाली, पाठोपाठ बीपीही. पथ्य कसलं नि काय, दुकानात चहाचे कप चालूच. त्याच सुमारास दुसरं एक दुखणं सुरू झालं. मन व्हायचं, पण शरीर साथ देईना — समजलात ना? एकदा झालं, पुन्हा झालं, मग नेहमीचंच झालं. माझी बायको नंदा पहिल्या वेळी एवढंच म्हणाली, "दमलात तुमी." पांघरूण माझ्या अंगावर ओढून ती शांत झोपली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तिच्या त्या समजूतदारपणाचा मला संताप आला होता.

त्यानंतर मी कामाच्या नावाखाली दुकानात जास्त वेळ काढू लागलो. नंदाला काही विचारायची सोय ठेवली नाही. ही ऑपरेशनच्या आधीची गोष्ट आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ते मुद्दाम विसरलो होतो.

मग पिशवीचं निघालं. आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. नंदाच्या अंगावरून फार जायचं. तपासलं तर गाठी निघाल्या, आणि हिंगोलीला तिची पिशवी काढली. आमच्या भागात हे काही नवल नाही. तितकाच रुळलेला एक समजही आहे — पिशवी काढलेली बाई नवऱ्याच्या कामाची राहत नाही. ओट्यावर बायका हे हलक्या आवाजात बोलतात, आणि पारावर पुरुष मोठ्यानं.

हा समज खोटा आहे हे मला माहीत होतं का? होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं — टाके भरून आले की सगळं पहिल्यासारखं, काही फरक पडत नाही. नंदा लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

टाके भरले. ती हिंडू-फिरू लागली, तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. आमची पोरगी नांदेडला शिकायला होती, घरात आम्ही दोघंच. एका रविवारी दुपारी मी खाटेवर पडलो होतो आणि नंदा येऊन शेजारी बसली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. फक्त हात. आता पुन्हा तेच होणार, पुन्हा ती "दमलात तुमी" म्हणणार — आणि या खेपेला तिला कळणार की हा दमलेला नाही, हा संपलेला आहे. त्या भीतीपोटी मी जे बोललो —

ते जसंच्या तसं सांगतो.

मी म्हणालो, "आता काय ऱ्हायलंय तुझ्यात? पिशवीसंगं गेलं की सगळं."

तिनं हात काढून घेतला. रडली नाही, भांडली नाही. "व्हय," म्हणाली, "बायका म्हनतच व्हत्या." आणि उठून ज्वारी निवडायला बसली.

तुम्ही म्हणाल, माणूस रागाच्या भरात बोलून जातो. मी रागात नव्हतो. आणि बोलल्यावर मला वाईट वाटलं का? नाही. सुटलो असं वाटलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा मी उचलून तिच्या छातीवर ठेवला होता, आणि मला मोकळा श्वास येत होता. हीच माझी चूक. बाकी सगळं त्या चुकीच्याच पोटी जन्मलं.

धोंडा हलला तरी शरीर जिथल्या तिथे होतं. मी चोरून उपाय सुरू केले. सेनगावला एका डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, कमजोरी आहे. आपल्याकडे पुरुष दुसरं काय म्हणणार? त्या भल्या माणसानं मला आडवं केलं आणि सलाईनची बाटली लावली. पुढच्या वेळी पुन्हा कमजोरी, पुन्हा बाटली. हाताला पट्टी चिकटवून घरी आलो की नंदा काळजीनं दूध गरम करून द्यायची. शब्द चुकला की औषध चुकतं, हे दुकानदाराला कळायला नको होतं?

मग एका दोस्तानं पट्टीतून कापलेल्या सुट्या गोळ्या दिल्या. "शंभरची हाय," म्हणाला, "पावर बघ." मला आधी बघायचं होतं की शरीर जागं तरी होतं का. लग्नातलं तेला-तुपाचं भरपेट जेवून आलो होतो, त्यावर गोळी घेतली. तासभर वाट पाहिली, काही नाही. मग मी काय केलं असेल? दीड टाकलं तर — हो, मीसुद्धा. मी तर दुसरी अख्खीच गिळली. थोड्या वेळानं चेहरा तापला, डोकं ठणकायला लागलं, दिव्याभोवती निळं दिसायला लागलं, आणि न्हाणीत उभ्याउभ्या अंधारी येऊन मी खाली पडलो. नंदानं एकटीनं मला ओढत आणून खाटेवर टाकलं. लग्नातल्या जेवणानं पित्त झालं, असं मी तिला सांगितलं. जिला मी बिनकामाची ठरवली होती ती माझ्या कपाळावर ओला फडका ठेवत बसली होती.

त्याच दिवसांत मला दिसलं की नंदाही काहीतरी घेते आहे. सकाळी चहाच्या आधी कोमट पाण्यात तपकिरी चूर्ण. इतकं कडू, की तिचं सगळं तोंड आवळून यायचं. "काय पिऊन राहिलीस?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई, पोटाचं हाय." ते पोटाचं नव्हतं. शिरड शहापूरची एक बाई पिशवी काढलेल्या बायकांना ते देते, हे मला तिच्या मैत्रिणीच्या बोलण्यातून कळलं होतं. नंदा जीप बदलत तिकडे जायची. नसलेल्या रोगावर ती औषध घेत होती, आणि तो रोग मीच तिला सांगितला होता. मी गप्प राहिलो.

न्हाणीत पडलो त्याची मात्र मला दहशत बसली. मी ठरवलं — आता हे नीटच करायचं. हिंगोलीला शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या. मी पुन्हा म्हणालो, कमजोरी आहे. त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही. "कसली? चालताना, की बायकोजवळ?"

"बायकोजवळ," मी म्हणालो. खोकला आहे म्हणावं इतक्या साधेपणानं त्यांनी ते लिहून घेतलं. छातीत दुखतं का, हृदयासाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेता का, बीपीची कुठली चालू आहे — सगळं विचारलं, हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घेतली. मी दोन गोळ्यांचा पराक्रम सांगितला तेव्हा मात्र त्यांनी मला झापलं, अगदी मी गिऱ्हाइकाला झापतो तसं. मग विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"बायकोच्या ऑपरेशनच्या आधीपासून," मी म्हणालो. पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं.

पुढचे कित्येक महिने मी प्रमाणाच्या मागे लागलो होतो. पन्नासची दिली तर डोकं धरलं. पंचवीसवर आणली तर काहीच नाही. बीपीच्या गोळीची वेळ बदलली, तंबाखू सोडायला लावली, शुगर खाली आणायला लावली. मी रोज सेनगावच्या रस्त्यानं चालायला लागलो. लोक विचारायचे, भाऊ, कुठं निघालात? शुगर उतरली तशी पुन्हा पन्नासवर गेलो, आणि या वेळी डोकं धरलं नाही. रिकाम्या पोटी, तासभर आधी, दिवसातून एकच, आणि मनात धास्ती नको. कंटाळून सोडून द्यावं असं कितीदा वाटलं, पण मी सोडलं नाही. त्या चिकाटीचा मला आजही अभिमान आहे. पण त्यातली थोडी चिकाटी एक खरं वाक्य बोलायला वापरली असती तर?

शेवटी एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो. इतक्या काळानंतर बायकोजवळ जायचं म्हणजे परक्या घराची कडी वाजवावी तसं झालं होतं. पण सगळं जमलं. नंदा रडली, आणि रडता रडता हसली. म्हणाली, "लागू पडलं बगा."

मला वाटलं, हिला गोळी सापडली?

"शिरडच्या बाईचं चूर्न," ती म्हणाली. "म्या आदीच आनायला पायजे व्हतं. माझ्यापायी तुमाला लई तकलीफ झाली."

तिनं माझी माफी मागितली. ऐकताय ना? तिनं, माझी. आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणालो, "असू दे."

ते "असू दे" मला त्या पहिल्या वाक्यापेक्षा जड आहे. पहिलं भीतीतून आलं होतं. हे तर सुखात, शांत डोक्यानं आलं. त्यानंतर मी गोळी खतांच्या पोत्यांमागे लपवत राहिलो आणि ती दर सकाळी तोंड आवळून चूर्ण पीत राहिली.

असंच चाललं असतं. पण नंदाची धाकटी बहीण कुसुम पुसेगावला दिलेली आहे, तिला तेच दुखणं लागलं. अंगावरून इतकं जायचं की उभं राहवेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबू नका, पिशवी काढा. आणि फोनवर नंदा तिला म्हणाली, "काढू नगं कुसे. म्या भोगलंय. नवरा तुटतो." कुसुमनं ऐकलं. काही आठवड्यांनी तिला हिंगोलीला रक्त चढवायला न्यावं लागलं, आणि रक्त घेऊन ऑपरेशन न करताच घरी जायचं तिनं ठरवलं. दवाखान्यात मी तिला पाहिलं होतं. ओठ पांढरे पडले होते. माझं एक वाक्य त्या खाटेपर्यंत पोचलं होतं.

मी दवाखान्यातून थेट दुकानात गेलो, पोत्यांमागची पट्टी काढली आणि घरी येऊन परसात भांडी घासत असलेल्या नंदासमोर ठेवली. म्हटलं, हे माझं औषध आहे. तुझ्या चूर्णानं काही झालेलं नाही, कारण तुला काही झालंच नव्हतं.

ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. मग विचारलं, "कवापासून?"

"तुज्या पिशवीच्या आदीपासून."

"आदीपासून," ती म्हणाली. मग पट्टी खाली ठेवून, "मंग मला तसं काहून म्हनलात?"

माझ्याकडे उत्तरं होती. लाज, भीती, पुरुषपणा, लोक. एकही बाहेर काढलं नाही. मी म्हणालो, "खोटं बोललो. खोटं हाय हे म्हाईत असून बोललो."

तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोरच कुसुमला फोन लावला. "कुसे, म्या चुकीचं सांगितलं तुला. पिशवी काढून घे. काढल्यानं काई व्हत न्हाई. माझं सगळं बराबर व्हतं." मग माझ्याकडे बघत, "व्हतंच."

कुसुमचं ऑपरेशन झालं. नंदा तिच्याजवळ राहून आली. आता कुसुम पुन्हा शेळ्यांमागे हिंडते. नंदा परत आली ती पोरीच्या खोलीत झोपू लागली. जेवायला वाढते, पोरीच्या लग्नाचं बोलते, मी औषधाला उशीर केला तर ओरडते. त्या रविवारच्या दुपारबद्दल बोलत नाही. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी परवा विचारलं, आता गोळी लागू पडते ना? मी म्हणालो, हो, बरोबर पडते.

पण गोरेगावात पिशवी काढायची वेळ कुणा बाईवर आली की अजूनही ओट्यावर नंदाचं नाव निघतं. नंदाचं बघितलं ना, पिशवी गेली तसा तिचा नवरा तुटला. म्हणून हे घराबाहेर काढलं. ज्यांना कुणाला नंदाचा दाखला द्यायचा असेल त्यांनी तो पुरा द्यावा. तिच्यात काही कमी नव्हतं. दोष माझ्या शरीरात होता, तो तिच्या ऑपरेशनच्या आधीपासून होता, आणि त्या रविवारी तिचा हात माझ्या खांद्यावर होता तेव्हाही मला तो माहीत होता.